सैनिकाचा रक्तदाब

आपल्या शहरातील क्रांती चौक ज्याने पाहिला नाही असा श्रोता विरळाच. जालना रस्त्याने जाणारा मनुष्य एक तर या चौकातून जातो, नाही तर उड्डाणपुलावरून तो ओलांडून जातो. चौकात उंच चौथऱ्यावर छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. १८५७ च्या जून महिन्यात हैदराबाद कंटिंजंटच्या येथील घोडदळात बंड झाले, ते मोडण्यात आले, आणि ज्या स्वारांना देहान्त शासन झाले त्यांची स्मृती या परिसरातील काळ्या चबुतऱ्याशी व चौकाच्या नावाशी निगडित आहे. शिपाई आणि सरकार यांच्यातील तंट्याची आठवण या जागेला अशी फार जुनी आहे. आजही आपले गाऱ्हाणे सरकारच्या कानी घालावयाचे झाले म्हणजे लोक याच चौकात जमतात. परंतु ज्या गाऱ्हाण्याविषयी मी आज बोलणार आहे त्याची घोषणा कधी कोणी या चौकात दिलेली नाही. ते मी ऐकले चौकापासून थोड्याच अंतरावर असलेल्या माझ्या लहानशा दवाखान्यात, सदऱ्याची बाही वर सारून बसलेल्या एका माणसाच्या तोंडून.

हे गृहस्थ सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा दावा अद्याप चालू आहे, म्हणून नाव सांगत नाही. गाव कन्नडच्या बाजूचे. एकोणिसाव्या वर्षी भरती झाले, चोवीस वर्षे नोकरी केली. त्या चोवीस वर्षांत दोन मुदती काश्मीरच्या सीमेवर गेल्या, एक ईशान्येकडील जंगलात आणि एक अशा उंचीवर की जेथे काडी ओढली तर ती पेटावयासही वेळ लावते. निवृत्तीनंतर त्यांनी वाळूजच्या एका कारखान्याच्या फाटकावर पहाऱ्याची नोकरी धरली. माझ्याकडे ते दर महिन्याला रक्तदाब मोजून घेण्यासाठी येत. एके दिवशी मोजणी झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, यात काय लिहिले आहे ते मला ठाऊक आहे. का लिहिले आहे ते तुम्ही सांगा."

तो निवृत्तीपूर्वी भरलेल्या वैद्यकीय मंडळाचा कागद होता. व्याधी, प्रायमरी हायपरटेन्शन, म्हणजे मूळ कारण न सापडणारा उच्च रक्तदाब. अपंगत्व ३० टक्के, आजन्म. लष्करी सेवेमुळे उद्भवली काय? नाही. लष्करी सेवेमुळे वाढली काय? नाही. आणि या दोन नकारांचे कारण म्हणून एकच ओळ : व्याधीचा आरंभ शांततेच्या ठाण्यावर. हवालदारसाहेबांचा रक्तदाब प्रथम आढळला तेव्हा ते सीमेवरून बदलून दक्षिणेतील एका छावणीत येऊन सात महिने झाले होते. कागदाची घडी पुन्हा घालीत ते म्हणाले, "मी कुठल्या ठाण्यावर आहे हे त्या बीपीला काय माहीत?"

या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. औषध लिहून दिले, मीठ कमी करावयास सांगितले, आणि ते गेले. परंतु प्रश्न मनातून जाईना. माझे एक वकील स्नेही अशा प्रकरणांत काम करतात. त्यांच्याकडून कागद मागविले, वाचले. पुढे जे सांगणार आहे त्यातील वैद्यकाचा भाग माझा आहे आणि कायद्याचा भाग त्यांनी समजावून दिलेला आहे.

प्रथम वैद्यकाचे थोडे. हृदय आकुंचन पावते तेव्हा रक्तवाहिन्यांवर पडणारा दाब हा वरचा आकडा, आणि ते विसावते त्या क्षणीचा दाब हा खालचा. वरचा १४० किंवा खालचा ९० यांच्या पुढे वारंवार जाऊ लागला की आम्ही त्याला व्याधी म्हणतो. १८९६ साली रिव्हा-रोच्ची या इटालियन वैद्याने दंडाला बांधावयाची फुगती पट्टी व पाऱ्याची नळी यांचे उपकरण प्रसिद्ध केले. पण त्यावर वरचाच आकडा नीट कळे. खालचा आकडा कळू लागला तो १९०५ साली, निकोलाय कोरोटकॉव्ह या रशियन लष्करी शस्त्रवैद्यामुळे. रशिया व जपान यांच्या युद्धात जखमी होऊन आलेल्यांच्या रक्तवाहिन्यांचा अभ्यास करीत असता, पट्टीखालच्या धमनीवर नळी लावून ऐकल्यास ठराविक वेळी ठराविक आवाज येतात हे त्याच्या ध्यानी आले. आज जगातील कोणताही डॉक्टर पट्टी सैल करीत करीत जो आवाज ऐकतो तो असा सैनिकांच्या जखमांच्या अभ्यासातून हाती आलेला आहे. हे विषयांतर झाले खरे, पण मला ते सांगावेसे वाटले.

या व्याधीचा मुख्य विशेष असा की ती बोलत नाही. हिवताप आला तर थंडी वाजते, हाड मोडले तर मनुष्य ओरडतो. रक्तदाब वाढला तर पुष्कळांना काहीच होत नाही. कित्येक वर्षे तो चढलेला राहतो आणि माणूस आपला कामे करीत असतो. म्हणून ज्या दिवशी तो मोजला जातो त्या दिवशी तो सापडतो एवढेच. त्या दिवशी तो सुरू झाला असे कोणताही प्रामाणिक वैद्य छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. आता सीमेवरील एखाद्या चौकीत शिपायाचा रक्तदाब कितीदा मोजला जात असेल आणि छावणीतील रुग्णालयात कितीदा, याचा विचार श्रोत्यांनीच करावा. दिवा जेथे लावलेला असेल तेथेच वस्तू सापडणार. आणि सापडू नये अशीही शिपायाची इच्छा असते. वैद्यकीय प्रत उतरली की बढतीचा मार्ग अडतो, पसंतीचे शिक्षण हुकते, कधी नोकरीच आटोपती घ्यावी लागते. तेव्हा डोके दुखले तर दुखू द्यावे, तपासणीच्या वेळी मात्र जरा दमाने श्वास घ्यावा, ही युक्ती पलटणीत नवी नाही. हवालदारसाहेबांनी ती मला हसत हसत सांगितली. मला हसू आले नाही.

कारणांचे म्हणाल तर प्रायमरी या शब्दाचा अर्थच एक कारण दाखविता येत नाही असा आहे. आनुवंशिकता, वय, मीठ, वजन, तंबाखू, मद्य, अपुरी झोप, मनावरील ताण, अशी पुष्कळ कारणे एकत्र होतात. अति उंचीवर हवेतील प्राणवायू विरळ होतो, शरीर सतत सावध अवस्थेत राहते व दाब चढतो. टिकाऊ डबाबंद अन्नात मीठ अधिक असते. रात्रीच्या पहाऱ्याने झोप तुटते. युद्ध आणि रक्तदाब यांचा संबंध वैद्यकाला अपरिचित नाही. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात दीर्घकाळ लढलेल्या चिलखती दलाच्या सैनिकांचे रक्तदाब ग्रॅहॅम नावाच्या डॉक्टराने मोजले, आणि पुष्कळांचे ते चढलेले आहेत असे १९४५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध केले. विश्रांतीनंतर त्यांतील बऱ्याच जणांचा दाब उतरलाही. हा पुरावा दुधारी आहे हे मान्य केले पाहिजे. सरकारी डॉक्टर विचारील की विश्रांतीने उतरतो, तर तुमच्या हवालदाराचा छावणीत का उतरला नाही? त्यावर आमचे म्हणणे एवढेच की काहींचा उतरतो, काहींचा घर करून राहतो, आणि कोणाचे काय झाले हे एकेका माणसाची नोंद पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

आता कायदा. सैन्यातील पेन्शनचे नियम १९६१ सालचे. त्यांतील १७३ व्या नियमाचा आशय असा की, लष्करी सेवेमुळे उद्भवलेल्या किंवा त्या सेवेमुळे वाढलेल्या व्याधीने सैनिक अपंग झाला व ते अपंगत्व २० टक्के किंवा अधिक ठरले, तर त्याला अपंगत्वाचे निवृत्तिवेतन द्यावे. फौजी लोक याला डिसॅबिलिटी पेन्शन म्हणतात. उद्भवलेली आणि वाढलेली हे दोन शब्द येथे महत्त्वाचे आहेत. दोहोंपैकी एक सिद्ध झाले तरी पुरे. सिद्ध कोणी करावयाचे? १९८२ च्या नियमांनी याचे उत्तर फार उदारपणे दिले होते. भरतीच्या वेळी ज्या व्याधीची नोंद झाली नाही ती नसलीच असे मानावे, पुढे प्रकृती बिघडली तर ती सेवेमुळे बिघडली असे समजावे, पुराव्याचा भार सैनिकावर टाकू नये, आणि संशय असल्यास त्याचा फायदा त्यालाच द्यावा.

हे नियम कागदावर राहिले आणि वैद्यकीय मंडळे आपल्या एका ओळीच्या अभिप्रायावर दावे निकालात काढीत राहिली. एक काळ असा होता की न्यायालयेही मंडळाचा शब्द अखेरचा मानीत. २००७ पासून पुढे काही वर्षे सर्वोच्च न्यायालयाचे असे निकाल आहेत. वारे फिरले ते २ जुलै २०१३ रोजी. धर्मवीर सिंह यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की नियमांतील गृहीत सैनिकाच्या बाजूचे आहे, आणि मंडळाला ते मोडावयाचे असेल तर कारणे लिहिली पाहिजेत. तो शिपाई सिग्नल दलातील होता, व्याधी अपस्माराची होती आणि अपंगत्व २० टक्के. पुढे २०१५ सालच्या राजबीर सिंह खटल्यात हेच तत्त्व अनेक प्रकरणांना एकत्र लावण्यात आले.

परंतु मधल्या काळात सरकारने नियमच बदलले होते. १ जानेवारी २००८ नंतर सेवा सोडणाऱ्यांसाठी नवे नियम झाले. त्यांतून ते उदार गृहीत वगळण्यात आले, आणि व्याधी सेवाकाळात प्रकट झाली एवढ्यावरून ती सेवेमुळे झाली असे होत नाही, असे त्यांत घालण्यात आले. सोबत लष्करी डॉक्टरांसाठी जी मार्गदर्शिका आहे तिच्या ४३ व्या परिच्छेदात रक्तदाबाविषयी सांगितले आहे. त्याचा आशय असा : हा रक्तदाब सेवेमुळे उद्भवला असे कधीही म्हणू नये, मात्र सीमेवरील रणक्षेत्रात, अति उंचीवर, बंडखोरीविरोधी मोहिमेत किंवा दीर्घ समुद्रसेवेत असता तो सुरू झाला असेल तर सेवेमुळे वाढला असे धरावे. श्रोते आता हवालदारसाहेबांच्या कागदावरील ती ओळ कोठून आली हे ओळखतील. मार्गदर्शिकेने रणक्षेत्राचा उल्लेख केला. मंडळाने त्याचा अर्थ उलटा लावला, की रणक्षेत्राबाहेर आढळला तर काहीच देणे लागत नाही. वस्तुतः दीर्घकाळ व वारंवार रणक्षेत्रात राहिल्यानंतर ही व्याधी आढळते, आणि ताण सोसण्याची शक्ती माणसामाणसात निराळी असते, हेही त्याच परिच्छेदात म्हटले आहे. ते वाक्य वाचावयास कोणाला सवड झाली नसावी.

यात पैशाचा प्रश्न किती, असे गृहिणी विचारतील, आणि विचारणे रास्त आहे. पूर्ण शंभर टक्के अपंगत्वाला अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के रक्कम मिळते, आणि कमी अपंगत्वाला त्या प्रमाणात कमी. अखेरचे वेतन ४०,००० रुपये धरले तर ३० टक्के अपंगत्वाला महिना ३,६०० रुपये येतात. परंतु ५० टक्क्यांच्या आतील अपंगत्व ५० टक्के धरावे असा सरकारी नियम आहे, आणि मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही तो लागू आहे असे सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार यांच्या खटल्यात १० डिसेंबर २०१४ रोजी ठरविले. त्या हिशेबाने हीच रक्कम ६,००० होते, वर महागाई निराळी, आणि ती जन्मभर. फाटकावर रात्रपाळी करणाऱ्या माणसाला सहा हजार रुपये म्हणजे रात्रपाळी सोडण्याची मुभा होय. वैद्य म्हणून मी त्यांना दर महिन्याला झोप घ्या असे सांगतो. झोप कोठून आणावयाची हे मला ठाऊक नाही.

येथे सरकारची बाजूही मांडली पाहिजे, नाही तर हे भाषण एकतर्फी होईल. रक्तदाब ही काही सैनिकांचीच व्याधी नव्हे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे २४ टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के लोकांना तो आढळला. बँकेतील कारकून, गुलमंडीवरील दुकानदार आणि आपण मी, यांच्यापैकी चौथ्याला असणारी व्याधी सैनिकाला झाली तर तिचे मूल्य तिजोरीतून का द्यावे, हा प्रश्न मूर्खपणाचा नाही. याहून बोचरी गोष्ट अशी की या निवृत्तिवेतनाचे प्रमाण अधिकाऱ्यांत शिपायांच्या मानाने दुपटीहून अधिक असल्याचे महालेखापरीक्षकांच्या तपासणीत दिसून आले. ज्याला कागद कसा लिहावा हे कळते त्याला कागदाचे फळ मिळते, असा याचा अर्थ कोणी काढला तर मी त्याला दोष देणार नाही. खोटे दावे होत असतील, होतही असतात. पण खोट्या दाव्याला आळा घालण्याचा उपाय म्हणजे प्रत्येकाची नोंद बारकाईने तपासणे. ठाण्याचे नाव पाहून शिक्का मारला तर खोटा दावेदार सुटतो तो सुटतोच. त्याला रणक्षेत्रात असता एकदा मोजून घेतले म्हणजे झाले. अडतो तो ज्याने मोजून घेतले नाही तो.

दुकानदाराच्या आणि सैनिकाच्या रक्तदाबात मला फरक दिसतो तो असा. दुकानदार आपले घर, जेवण, झोप, गाव स्वतः निवडतो. सैनिकाचे हे सर्व दुसरा ठरवितो, आणि त्याच्या शरीराची प्रत्येक नोंदही त्याच दुसऱ्याच्या कपाटात असते. भरतीच्या दिवशी त्याला नखशिखान्त तपासून निरोगी म्हणून घेतलेले असते. मग चोवीस वर्षांनी तो निरोगी का राहिला नाही याचे स्पष्टीकरण ज्याच्याजवळ सर्व कागद आहेत त्याने द्यावे, की ज्याच्याजवळ एकही नाही त्याने?

दिल्ली उच्च न्यायालयाने २७ मार्च २०२५ रोजी दिलेला एक निकाल माझ्या स्नेह्यांनी मला वाचून दाखविला. एका निवृत्त सुभेदाराचे ते प्रकरण. व्याधी मधुमेहाची होती, पण रक्तदाबाला लागू पडणारे बरेच त्यात आहे. मंडळाने तेथेही शांततेच्या ठाण्याचेच कारण दिले होते. न्यायालयाने मानले की २००८ च्या नियमांत जुने गृहीत उरलेले नाही. तरीही पुरावा देण्याचा भार सर्वसाधारणपणे सैनिकावर नाही हे त्या नियमांतही कायम आहे. सेवा मुळातच ताणाची आहे. तेव्हा ठाणे शांततेचे होते एवढे सांगून भागत नाही, राहणीमानाची व्याधी असे नाव देऊनही भागत नाही. सेवेखेरीज दुसरे कोणते कारण दिसते ते मंडळाने लिहिले पाहिजे. त्यानंतर जुलै २०२५ मध्ये त्याच उच्च न्यायालयाने सरकारच्या अशा प्रकारच्या सुमारे तीनशे याचिका एकाच निकालाने फेटाळल्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका मनोविकाराच्या प्रकरणात, कारणे नसलेला मंडळाचा अभिप्राय टिकत नाही, असे सांगितले. न्यायाधिकरणात सैनिक जिंकतो, सरकार वर जाते, तेथे पुन्हा सैनिक जिंकतो. मधल्या वर्षांत त्याचा रक्तदाब काय होत असेल याची नोंद कोणी ठेवीत नाही.

परदेशात काय चालते हे थोडक्यात सांगतो. अमेरिकेत माजी सैनिकाच्या रक्तदाबाचे टक्के आकड्यावरूनच ठरतात. खालचा आकडा प्रायः १०० किंवा त्याहून अधिक असेल, किंवा वरचा १६० किंवा त्याहून अधिक, तर १० टक्के. खालचा ११० असेल तर २० टक्के, अशी चढती पट्टी आहे. व्हिएतनाममध्ये फवारलेल्या एजंट ऑरेंज या विषारी द्रव्याशी संबंध आलेल्या सैनिकांच्या बाबतीत ऑगस्ट २०२२ मध्ये तेथे कायदा झाला आणि रक्तदाब हा त्या सेवेचाच परिणाम मानावा असे ठरले. युद्ध संपल्याला तोवर जवळजवळ अर्धशतक लोटले होते. तेव्हा त्यांचे सर्व उत्तम आणि आपले सर्व वाईट असे समजण्याचे कारण नाही. आकड्याने मोजण्याची त्यांची रीत मला वैद्य म्हणून पसंत आहे. आपल्याकडे ती नुसती उचलली तर ज्यांचा दाब गोळ्यांनी आटोक्यात आहे असे पुष्कळ जण बाहेर पडतील, हेही दिसते.

आपल्याकडेही २१ सप्टेंबर २०२३ पासून पुन्हा नवे नियम आले आहेत. व्याधी असूनही नोकरीत राहून मुदत पुरी करणाऱ्याच्या रकमेला आता इम्पेअरमेंट रिलीफ असे निराळे नाव आहे. त्या तारखेनंतर निवृत्त होणाऱ्यांनी जुन्या निकालांवर विसंबून न राहता नवे नियम कोणाकडून तरी नीट समजावून घ्यावेत.

ज्यांच्या घरात, नात्यात किंवा दारावरील पहाऱ्यावर कोणी निवृत्त सैनिक असेल त्यांच्यासाठी दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी. नकाराचे पत्र आले म्हणजे ते चुलीत घालू नये आणि देव्हाऱ्यातही ठेवू नये. त्याविरुद्ध पहिले अपील सहा महिन्यांच्या आत करावयाचे असते. ते फेटाळले तर दुसरे अपील, आणि त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. हे न्यायाधिकरण २००७ च्या कायद्याने निर्माण झाले, २००९ पासून चालू आहे, आणि महाराष्ट्रासाठी त्याचे खंडपीठ मुंबईस आहे. अंतिम नकारापासून तेथे जाण्यासही सहा महिन्यांचीच मुदत आहे. उशीर झाला तर सर्व बुडाले असे नाही. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ सालच्या तरसेम सिंह निकालाप्रमाणे मागील थकबाकी बहुधा तीनच वर्षांची मिळते. वैद्यकीय मंडळाच्या कामकाजाची प्रत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकाराखाली मागता येते. मराठा लाइट इन्फंट्रीचा शिपाई असेल तर त्याचे अभिलेख कार्यालय बेळगावी आहे. प्रत्येक दलाचे असे निराळे असते. कोठे लिहावे हे कळले नाही तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे. आणि एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. २००८ च्या नियमांप्रमाणे निवृत्तीनंतर पंधरा वर्षे उलटून गेली आणि तोवर सरकारी दप्तर मुदत संपल्यामुळे नष्ट झाले, तर मग पुराव्याचा भार सैनिकावर येतो. दप्तर सरकार जाळणार आणि पुरावा शिपाई आणणार! म्हणून कागद घरी जपून ठेवणे हे काम शिपायाच्या घरच्यांचे होऊन बसते.

हवालदारसाहेबांच्या घरी ते त्यांच्या पत्नीने केले. दोन्ही अपिले फेटाळली गेल्यावर वकीलसाहेबांनी जुने कागद मागितले, तेव्हा हवालदार म्हणाले की आपल्याजवळ काही नाही. दुसऱ्या दिवशी त्या बाई स्वतः दवाखान्यात आल्या. हातात जुनी पत्र्याची पेटी. तिच्यात लग्नापासूनची सगळी पत्रे होती, मनीऑर्डरच्या पावत्या होत्या, मुलीच्या बारशाला न आल्याबद्दलचे एक लांबलचक पत्र होते. ते त्यांनी मला वाचू दिले नाही. तळाशी एका पत्रात घडी घालून ठेवलेली, पलटणीच्या एम. आय. रूमची एक चिठ्ठी निघाली. "डोके दुखते म्हणून लिहिले होते यांनी, आणि ही चिठ्ठी पाठविली होती, मी काळजी करू नये म्हणून," त्या म्हणाल्या. "मी केली ती केलीच."

चिठ्ठीवर पेन्सिलीने आकडा होता, १५०/१००. खाली पुन्हा तपासावे असा शेरा. ते पत्र कुपवाड्याहून आलेले होते. पुन्हा तपासणी झाली नाही, कारण आठच दिवसांत तुकडी पुढच्या चौकीवर गेली असे हवालदारसाहेबांना आठवते. एका मोजणीने व्याधी ठरत नाही हे मला वैद्य म्हणून सांगितलेच पाहिजे. तरी छावणीतील त्या तपासणीच्या आधी दोन वर्षे हा दाब चढलेला कोणी तरी पाहिला होता, एवढे ती चिठ्ठी सांगते. अडचण एकच. पेटीत एका पावसाळ्यात पाणी गेले होते, आणि तारखेतील महिन्याचा आकडा पुसला गेला आहे. वर्ष दिसते, दिवस दिसतो.

त्या रूमच्या नोंदवहीचा उतारा मिळावा म्हणून अभिलेख कार्यालयाकडे अर्ज गेला आहे. वही अजून असेल तर महिना लागेल. मुंबईच्या न्यायाधिकरणात प्रकरण दाखल झाले असून चिठ्ठीची प्रत त्याला जोडलेली आहे. मूळ चिठ्ठी बाईंनी वकिलांनाही दिली नाही, ती पुन्हा त्याच पत्रात घालून पेटीत ठेवली. मागच्या सोमवारी हवालदारसाहेब नेहमीप्रमाणे आले. दाब १४८ आणि ९६ होता. गोळीची मात्रा थोडी वाढविली आणि रात्रपाळी बदलून घेता येईल काय असे विचारले. दिवसपाळीवर जागा नाही असे ते म्हणाले, आणि बाही खाली करून सात वाजण्याच्या आत वाळूजला पोहोचावयाचे म्हणून उठले.